लांब दांडीचा ड्रायव्हर घ्यावा का?

प्रश्न : मी खारघरच्या सिडको गोल्फ कोर्सवर खेळतो. ड्रायव्हरची दांडी लांब घेतली तर चेंडू जास्त लांब जाईल का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : जाईल, पण फटका मधोमध बसला तरच. लांब दांडीने क्लबच्या डोक्याचा वेग वाढतो, पण नेम साधणं अवघड होतं. कडेला लागलेला चेंडू अंतरही गमावतो आणि दिशाही. बाजारातले ड्रायव्हर साधारण ४५ ते ४६ इंचांचे असतात. नियमांची कमाल मर्यादा ४८ इंच आहे. २०२२पासून व्यावसायिक स्पर्धांत ४६ इंचांची अट लावता येते.

खरेदीआधी सध्याचाच ड्रायव्हर इंचभर खाली धरून खेळा. क्लबच्या तोंडावर खडू फासून ठसे पाहा. ते मध्याजवळ जमू लागले, तर तुम्हाला आखूड दांडीच मानवेल.