दूधपित्या पिलाच्या पोटात जंत आले कुठून?

प्रश्न : आमच्या आखाड्यावर जानवळहून आणलेली कारवानी कुत्री आहे. पंधरा दिवसांपूर्वी ती व्याली, पाच पिल्लं आहेत. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पिलांना आत्ताच जंताचं औषध द्या. पिलांनी आईच्या दुधाशिवाय अजून काही चाखलेलं नाही, डोळेही नुकतेच उघडलेत. मग त्यांच्या पोटात जंत आले कुठून? दुकानात गेलो तर दुकानदारानं एक स्वस्त बाटली आणि एक महागडी गोळी पुढ्यात ठेवली. घरात लेकरांना शाळेत देतात तसली जंताची गोळी आहे, गुरांचं इंजेक्शनही उरलंय. यातलं नेमकं काय द्यावं?
— एक वाचक, कंधार

उत्तर : डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. पिलांना जंत झाले ते आईकडून, आणि तेही बरेचसे जन्माआधीच.

कुत्र्यांच्या गोल जंताला शास्त्रीय भाषेत टॉक्सोकारा कॅनिस म्हणतात. मोठ्या कुत्र्याच्या पोटात त्याची अंडी गेली की त्यातून निघालेल्या सगळ्याच अळ्या आतड्यात राहत नाहीत. पुष्कळशा अळ्या अंगाच्या मांसात शिरतात आणि तिथंच महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. कुत्री गाभण राहिली आणि साधारण सहा आठवडे उलटले की या अळ्या जाग्या होतात, वारेतून पिलाच्या यकृतात पोचतात. पिल्लू जन्मल्यावर त्या फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात स्थिरावतात. तीन आठवड्यांत त्यांचे पूर्ण वाढलेले जंत होतात आणि अंडी घालू लागतात. काही अळ्या दुधातूनही येतात.

दुसरा आहे अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म. तो मुख्यतः दुधातून येतो. हा आतड्याला दातांनी धरून रक्त पितो. एवढ्याशा पिलात रक्त असतं किती? हिरड्या पांढऱ्या पडतात, विष्ठा काळपट होते, आणि विष्ठेत एकही अंडं दिसायच्या आत पिल्लू दगावू शकतं. त्यामुळे या वयात विष्ठा तपासून ‘जंत नाहीत’ असा निकाल आला तरी त्यावर विसंबून राहता येत नाही. ‘पोट फुगलं की बघू’ म्हणून थांबणं पिलाच्या जिवावर बेतू शकतं.

आता तुम्ही म्हणाल, आईला तर आम्ही दर चार महिन्यांनी औषध देतो. दिलंत ते चांगलंच केलंत. पण नेहमीच्या डोसानं आतड्यातले जंत मरतात. मांसात झोपलेल्या अळ्यांपर्यंत त्याचा असर पोचत नाही. म्हणून निगा राखलेल्या कुत्रीची पिल्लंही जंत घेऊनच जन्मतात. पुढच्या वेताला डॉक्टरांना आधीच विचारा. गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून व्याल्यानंतर काही दिवसांपर्यंत रोज फेनबेंडाझोल देण्याची पद्धत आहे. त्यानं पिलांकडे जाणाऱ्या अळ्या बऱ्याच कमी होतात.

स्वस्त बाटली की महाग गोळी?

किंमत आणि वेष्टनावरचं कुत्र्याचं चित्र सोडून द्या. बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा, नाहीतर दुकानदाराकडून वाचून घ्या.

बाटलीवर पायरँटेल, किंवा पायरँटेल आणि फेबँटेल असं लिहिलेलं असेल, तर पिलांसाठी तीच योग्य. ही औषधं गोल जंत आणि अंकुशकृमी दोन्हींवर चालतात आणि दोन आठवड्यांच्या पिलालाही देता येतात. बाटलीत नुसतं पायपेराझिन असेल तर ती परत करा. त्यानं गोल जंत पडतात, लांबलचक जंत पडलेले बघून आपलं समाधान होतं, आणि रक्त पिणारा अंकुशकृमी जागच्या जागी राहतो.

महाग गोळीत बहुधा तीन घटक असतात : प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल. ड्रोन्टल प्लस हे त्यातलं जुनं नाव. याच घटकांच्या इतर कंपन्यांच्या गोळ्याही मिळतात. जास्तीचे पैसे जातात ते प्राझिक्वांटेलचे, कारण पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म, मारायला तेच लागतं. पिलांना सध्या त्याची गरज नाही, आईला आहे. म्हणजे दुकानदारानं ठेवलेल्या दोन्ही वस्तू तुमच्या कामाच्या निघू शकतात : बाटली पिलांना, गोळी आईला.

पण डोस अंदाजानं नको. अशा गोळीत प्राझिक्वांटेल 50 मिलिग्रॅम असतं आणि प्रमाण असतं 10 किलो वजनाला एक गोळी. ‘एक कुत्रं, एक गोळी’ हा हिशेब खेड्यापाड्यात सर्रास चालतो. कारवानी दिसायला सडपातळ, म्हणून आपण तिला पंधरा किलोची धरतो. काट्यावर ती 24 किलो भरली तर तिला अडीच गोळ्या लागतील. एकीवर भागवलंत तर निम्माही डोस पोटात गेला नाही. मोंढ्यातल्या काट्यावर तिला उचलून घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. पिलांना मात्र किराणा दुकानातल्या लहान काट्यावर एकेक करून तोला, कारण पाचांची वजनं सारखी नसतात, आणि औषध सुई काढलेल्या सिरिंजनं मोजून द्या. आदल्या दिवशी उपाशी ठेवायची किंवा एरंडेल पाजायची गरज नाही. गोळी भाकरीच्या तुकड्यात दडवून दिली तरी चालते. फक्त ती गिळली की थुंकली, हे उभं राहून बघा.

लेकरांची गोळी आणि गुरांचं इंजेक्शन

दोन्ही नको. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत देतात ती अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी. लेकरांना ती जरूर द्या. कुत्र्यात मात्र अल्बेंडाझोलमुळे हाडांच्या मगजात रक्त तयार होण्याचं काम मंदावू शकतं.

गुरांचं उरलेलं इंजेक्शन आयव्हरमेक्टिनचं असेल, तर त्याहून जपा. औषध म्हणून ते थोरच. त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. पण बाटली बनवलेली असते बैलाच्या हिशेबानं : एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम, आणि 50 किलो वजनाला 1 मिलिलिटर. किलोभराच्या पिलाला त्याचा एक थेंब पाजला तरी गुरांच्या प्रमाणाच्या दुपटीहून जास्त होतो. इतक्या लहान वयात ते मेंदूत सहज उतरतं. पिल्लू झोकांड्या देतं, लाळ गळते, शुद्ध हरपते, आणि त्यावर उतारा नाही. शिवाय पट्टकृमी आयव्हरमेक्टिननं मरत नाहीच.

घरगुती इलाज म्हणून लसूणही घालू नका, कुत्र्याच्या रक्ताला ती अपायकारक आहे. सुपारीतल्या अर्कानं पूर्वी कुत्र्यांचे पट्टकृमी पाडत, हे खरं; पण त्यानं जनावर ओकाऱ्या-जुलाबांनी बेजार व्हायचं, म्हणून ती रीत मागे पडली. आणि गुळानं जंत होत नाहीत. गुळात अंडी नसतात.

आखाड्यावरचं खरं दुखणं

शेपटीखाली किंवा बसल्या जागी भाताच्या शितासारखे दाणे वळवळताना दिसले तर तो पट्टकृमीचा एक प्रकार, आणि तो पिसवांमधून येतो. अंग खाजवताना कुत्री पिसू चावते, गिळते, आणि पिसवेतली अळी पोटात जाते. नुसती गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात दाणे पुन्हा दिसतील. दोन्ही इलाज एकदमच करा.

दुसरा पट्टकृमी डोळ्यांना दिसतही नाही. कसायाच्या दुकानामागे टाकलेलं शेळ्यामेंढ्यांचं कच्चं काळीज-फुप्फुस खाल्लं की इकायनोकॉकस कुत्र्यात येतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर, पाण्यात, आपल्या हातावर येतात, आणि शेळीच्या, गाईच्या तसंच माणसाच्याही यकृतात पाण्याच्या गाठी वाढतात. लालकंधारी गाय आणि शेळ्या त्याच बांधावर चरत असतील तर हे मनावर घ्याच. कच्चं काळीज बंद करा. कुत्री कसायाच्या दुकानाकडे फिरत असेल तर डॉक्टरांना विचारून दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्या, कारण या कृमीला अंडी घालायच्या वयात यायला तेवढाच वेळ लागतो.

गोल जंताच्या बाबतीत एक सोय आपल्या हातात आहे. विष्ठेतून पडलेलं त्याचं अंडं लगेच बाधत नाही. मातीत दोन-तीन आठवडे मुरल्यावरच ते बाधण्याजोगं होतं, मग मात्र वर्षानुवर्षं टिकतं. तेव्हा विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरलीत तर अंगणात खेळणाऱ्या लेकरांचा धोका बराच टळतो. पावसाळ्यात लेकरांच्या पायात चप्पल असू द्या. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून कातडीत शिरते.

वेळापत्रक

पिलांना पंधराव्या दिवशी, मग एक, दीड आणि दोन महिन्यांना. एवढ्यांदा द्यायचं, कारण प्रत्येक डोस त्या दिवशी आतड्यात असलेल्यांना मारतो; मागून येणाऱ्या अळ्या पुढच्या डोसाला सापडतात. मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, नंतर दर तीन महिन्यांनी. पिलांचे पहिले डोस चालू असताना आईलाही त्याच दिवशी औषध द्या. पिलांना चाटून ती पुन्हा जंत पोटात घेते.

पातळ विष्ठा, पांढऱ्या हिरड्या, दूध न ओढणं, यातलं काहीही दिसलं तर दुकानात न जाता थेट दवाखाना गाठा. विष्ठेची नीट तपासणी हवी असेल तर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कारवानीची पिल्लं तुमच्याकडे फार दिवस राहायची नाहीत. दोन महिन्यांची झाली की न्यायला माणसं येतील. प्रत्येक पिलाबरोबर एक चिठ्ठी द्या : कोणत्या तारखेला, कोणतं औषध, किती वजनाला दिलं आणि पुढचा डोस कधी. नाहीतर नवा मालकही दुकानात जाऊन एका कुत्र्याला एक गोळी मागेल.