गढूळ पाण्यातील कण कसे मोजतात?

उस्मानपुऱ्यासह छत्रपती संभाजीनगर शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः पैठणच्या नाथसागरातून मिळते. पावसाळ्यात गोदावरी आपल्याबरोबर माती आणते. ही माती काढून टाकणे आवश्यक असते. कारण तिच्या कणांच्या आडोशाला रोगजंतू राहतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पण सुटा कण डोळ्यांना दिसत नसेल, तर तो मोजायचा कसा?

एक प्रयोग करा. काचेच्या उंच बरणीत पाणी घेऊन त्यात चमचाभर काळी माती व चिमूटभर धुण्याचा सोडा टाका. सोड्यामुळे चिकटलेले कण सुटे होतात. बरणी हलवून स्थिर ठेवा. वाळू लगेच तळाशी बसेल, बारीक कण मात्र रेंगाळतील. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलेल्या नियमावरून याचे कारण कळते. कणाचा व्यास निम्मा झाला, की पडण्याचा वेग चौथाई होतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २० मायक्रोमीटर व्यासाचा कण १० सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे ४ मिनिटे घेतो, तर २ मायक्रोमीटरचा कण सुमारे ७ तास! म्हणून मृदा-प्रयोगशाळेत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीवरून पिपेटने थोडे पाणी काढतात आणि ते आटवून उरलेल्या मातीचे वजन करतात. घड्याळ व तराजू एवढ्यावर कणांची वर्गवारी होते.

याहून सूक्ष्म कणांना पाण्याचे रेणू सतत धक्के देतात, त्यामुळे ते तळाशी बसतच नाहीत. अशा मिश्रणास कलिल म्हणतात. येथे प्रकाश मदतीला येतो. अंधाऱ्या खोलीत बरणीतून विजेरीचा झोत सोडा. झोताचा मार्ग बाजूने दिसतो. कारण कण प्रकाश चहूकडे विखुरतात. हाच टिंडॉल परिणाम. गढूळपणा मोजणारे यंत्र झोताशी काटकोनात येणारा प्रकाश मोजते. त्याचे एकक एन.टी.यू. होय. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते १ पेक्षा अधिक नसावे. दुसरा स्रोत नसेल तरच ५ पर्यंत चालते. लेसर वापरल्यास विखुरलेल्या प्रकाशाची थरथरही टिपता येते. कण जितका लहान, तितकी थरथर जलद. तिच्यावरून नॅनोकणांचा आकार काढतात.

आता बरणीतील वरचे गढूळ पाणी दोन पेल्यांत घ्या व एकात तुरटी फिरवा. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते परस्परांना दूर लोटतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचा धन भार हे लोटणे थांबवतो. कणांचे पुंजके बनतात आणि खाली बसतात. दोन्ही पेल्यांतून झोत सोडून तुलना करा. मात्र नितळ झालेले हे पाणी पिऊ नका. नितळ पाण्यातही जंतू असू शकतात. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीनंतर गाळण व क्लोरीन लागते ते यासाठीच.

सोडवून पाहा : ४ मायक्रोमीटर व्यासाच्या कणास १० सेंटिमीटर पडण्यास किती वेळ लागेल? (उत्तर : सुमारे पावणेदोन तास.)