वस्तूवरील व्होल्टचा आकडा कसा ठरतो?

उन्हाळ्यात रायपूरच्या घराघरांतून छताचे पंखे रात्रंदिवस फिरत असतात. अशा प्रत्येक साध्या पंख्यात एक लहानशी डबी बसविलेली असते. शास्त्रीय भाषेत तिला विद्युत् धारित्र म्हणतात. कारागीर तिला कंडेन्सर म्हणून ओळखतात. तिच्यावर बहुधा ‘२.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट’ असे छापलेले असते. घरात येणारा विद्युत् दाब तर २३० व्होल्ट. मग हा ४४० चा आकडा आला कोठून?

प्रथम त्या वस्तूवर प्रत्यक्ष किती दाब पडतो, हे पाहिले पाहिजे. पंख्याच्या मोटरीत तारेची दोन वेटोळी असतात. धारित्र दुसऱ्या वेटोळ्याशी एकसरीत जोडलेले असल्यामुळे त्याच्यावरील दाब पुरवठ्याच्या दाबाहून अधिक होतो. दोन्ही वेटोळ्यांचे वेढे सारखे आहेत व मोटर समतोल चालली आहे असे मानल्यास तो सुमारे ३२५ व्होल्ट भरतो. पुरवठा दहा टक्क्यांनी वाढला, तर हाच दाब ३५८ व्होल्टपर्यंत जातो. शिवाय प्रत्यावर्ती दाबाचे शिखर या मूल्याच्या १.४१ पट, म्हणजे ५०० व्होल्टहून थोडे अधिक असते.

आता हा दाब सोसणारा पदार्थ पाहू. धारित्रात प्लॅस्टिकची अतिशय पातळ पट्टी असते. ती ६ मायक्रॉन जाडीची आहे असे समजा. तेव्हा दर मायक्रॉनला सुमारे ८४ व्होल्ट पडतात. एक मिलिमीटर हवा सुमारे ३,००० व्होल्टला हार खाते. येथे त्याच हिशेबाने ८४,००० व्होल्टचा ताण झाला! अशा पट्टीचे अनेक नमुने दाब वाढवीत वाढवीत मुद्दाम फोडून पाहतात. सर्व नमुने एकाच दाबाला फुटत नाहीत. म्हणून सरासरीवर न विसंबता दुबळ्यातील दुबळा नमुना विचारात घ्यावा लागतो.

शिवाय आज टिकलेली वस्तू दहा वर्षे टिकेलच असे नाही. उष्णतेने निरोधक पदार्थ जीर्ण होतात. रोहित्रांच्या निरोधनाचे आयुष्य दर आठ अंश तापमानवाढीस सुमारे निम्मे होते, असा नियम मॉन्टसिंगर या अभियंत्याने १९३० मध्ये मांडला. यासाठीच धारित्रे तापवून, छापील दाबाहून अधिक दाबावर दीर्घकाळ चालवून पाहतात. सारांश, ४४० हा वस्तू फुटण्याचा आकडा नव्हे. ती वर्षानुवर्षे न फुटता काम करील, या हमीची ती मर्यादा होय.

घराबाहेरील खांबांवर पाऊस, वीज व धूळ यांचीही भर पडते. ११,००० व्होल्टच्या वाहिनीवरील उपकरणाला एक मिनिट २८,००० व्होल्ट आणि विजेच्या आघातासारखा ७५,००० व्होल्टचा क्षणिक धक्का सोसून दाखवावा लागतो. १९६० साली स्थापन झालेल्या केंद्रीय विद्युत् अनुसंधान संस्थेच्या बंगळूर व भोपाळ येथील प्रयोगशाळांत विद्युत् उपकरणांच्या चाचण्या होतात. धुळीचा विचार निराळा. रायपूरजवळील उरला व सिलतरा येथे लोखंडाचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी निरोधकावर बसलेली धूळ दवाने भिजली की तिच्यातून वीज झिरपू लागते. म्हणून स्वच्छ हवेत दर किलोव्होल्टला १६ मिलिमीटर पृष्ठलांबी पुरते, तर अतिदूषित हवेत ३१ लागते. १२ किलोव्होल्ट या कमाल दाबासाठी हे अंतर अनुक्रमे १९२ व ३७२ मिलिमीटर होते. निरोधकाला झालरी असतात त्या हे अंतर वाढविण्यासाठीच. उंचीचाही परिणाम होतो. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच असल्याने तेथे नेहमीचे आकडे चालतात. मात्र १,००० मीटरहून उंच असलेल्या महाबळेश्वरासारख्या ठिकाणी हवा विरळ असते, म्हणून हवेतील अंतर थोडे वाढवावे लागते.

आता पुन्हा पंख्याकडे वळू. तितक्याच मायक्रोफॅरडचे, पण २५० व्होल्टचे धारित्र बसविले तरी पंखा त्या दिवशी उत्तम फिरेल. खरा धोका येथेच आहे. मे महिन्यातील एखाद्या रात्री ते धारित्र तापून फुगेल, कदाचित धूरही निघेल. म्हणून धारित्र बदलताना मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्ट तितके किंवा अधिक, आणि प्रकार प्रत्यावर्ती विजेचाच, ही तीन पथ्ये पाळावीत. थोड्या पैशांच्या बचतीसाठी छापील आकड्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे अनेक नमुने फोडून मिळविलेले ज्ञान फुकट घालविणे होय.