दुसऱ्या देशाची कागदपत्रं शेंद्र्यातूनच न्या

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीतलं कुणी आखातात निघालं की मला फोन येतो आणि पहिला प्रश्न पगाराचा असतो. मी उलट विचारतो, बायको-मुलं नेणार का? एकट्याने कमावून परतायचं असेल, तर माझा सल्ला तुमच्या कामाचा नाही.

दम्माममध्ये आमचं बरं चाललं होतं. जुलै 2017 पासून सौदी सरकारने सोबतच्या कुटुंबीयांवर माणशी महिना 100 रियाल शुल्क लावलं. दरवर्षी वाढत 2020 मध्ये ते 400 झालं. बायको आणि दोन मुलं धरून महिन्याचे 1,200, तेही इकामा (राहण्याचा परवाना) नवा करताना आगाऊ. आसपासच्या कितीतरी घरांनी बायका-मुलं गावी धाडली.

आम्ही हललो ते नुसत्या पैशापायी नाही. नोकरी सुटली की इकामाही सुटणार. मुलं शाळेत रमली होती, पण बारावीनंतर त्यांना बाहेर पाठवणं आलंच. बायको एम.एस्सी., आणि इकाम्यावर फक्त माझी आश्रित. कॅनडाच्या पीआरवर, म्हणजे कायम रहिवासाच्या परवान्यावर, तिलाही नोकरीची मुभा, हे तिनेच हुडकलं. दुसऱ्या देशाचा हट्ट बहुतेक घरांत असाच स्वयंपाकघरातून सुरू होतो!

घोडं अडलं ते शेंद्र्यात. कॅनडाच्या पीआरसाठीच्या एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या योजनेसाठी अनुभवपत्रात पद, प्रत्यक्ष काम, आठवड्याचे तास, पगार, सगळं हवं. माझी जुनी व्हेंडर कंपनी तोवर बंद पडलेली आणि हाती दोन ओळींचं पत्र. अर्जाचं निमंत्रण आल्यावर मुदत 60 दिवसांची. फॉर्म 16, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक आणि जुन्या साहेबांनी सहीनिशी दिलेलं पत्र, यांवर कसंबसं निभावलं. म्हणून राजीनामा देतानाच सविस्तर पत्र मागा. एचआरवाले कुरकुरतील, कुरकुरू द्या.

विद्यापीठातली ट्रान्सक्रिप्ट दोघांचीही काढायला टाका. जोडीदाराच्या शिक्षणालाही गुण असतात. जुन्या दाखल्यांवर औरंगाबाद आणि नव्यांवर छत्रपती संभाजीनगर असेल, तर नामांतराच्या अधिसूचनेची प्रत जवळ ठेवा. ‘मुलं मोठी झाली की बघू’ म्हणू नका. वयाचे गुण तिशीपासून उतरतात आणि 45 व्या वर्षी शून्य होतात.

पीआर म्हणजे नोकरी नव्हे, हेही घरी आधीच सांगा. ओंटारिओत स्वतःला प्रोफेशनल इंजिनिअर म्हणवायला प्रांताचा परवाना लागतो. मी तिथे क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून सुरुवात केली, तीही रात्रपाळीला. बायकोला माझ्याआधी दिवसाची नोकरी लागली.