भरती आली की पक्षी कुठे जातात?

डिसेंबरात मंडळातले आम्ही आठ जण पक्षी बघायला चोडणला गेलो होतो. रायबंदरहून फेरीबोट, पुढे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. बेटाच्या पश्चिम टोकाला, मांडवीच्या काठी, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरची ही जागा १९८८ साली अभयारण्य झाली. जवळजवळ सगळी खारफुटीच. 'सकाळी लवकर जावे' असं सगळीकडे लिहिलेलं असतं म्हणून साडेआठलाच पोचलो. खंड्या दिसला, पाणकावळे दिसले, दोन बगळे दिसले. ज्यांच्यासाठी गेलो होतो ते हिमालयापलीकडून येणारे चिखलपक्षी? एकही नाही.

पेडण्याला घरी येऊन मी जाहीर केलं, यंदा पक्षी आलेच नाहीत. मामा जेवत होता. आगरवाड्याला त्याचं मिठागर आहे. त्याने एवढंच विचारलं, "तिथ कितें आशिल्ली?"

मला कुठली माहीत! कॅलेंडर काढलं. कृष्ण द्वादशी. मामा हसला. "बाये, तूं घड्याळ पळयता, तीं उदक पळयतात."

मग त्याने हिशेब शिकवला, तो इथे देते. कोकणात दर्यावर्दी लोक तो पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पुरी होण्याची वेळ येते. द्वादशी म्हणजे बारा, बाराची पाऊणपट नऊ. नऊला पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणूनच ही पाऊणपट. नदीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण पक्षी बघायला पुरतं. म्हणजे आम्ही साडेआठला उभे होतो तेव्हा चिखल सगळा पाण्याखाली होता.

चिखल हे या पक्ष्यांचं ताट. ओहोटीला ते उघडं पडतं. चिखल्याची चोच आखूड, तो धावत जाऊन वरचं टिपतो. टिलव्याची चोच लांब, तो खोल खुपसून किडे-शिंपले काढतो. एकाच चिखलात दोघांचं भागतं, भांडण नाही. पण भरती आली की ताट झाकलं जातं. हे पक्षी बदकांसारखे पाण्यावर तरंगत बसत नाहीत. मग ते सहा तास जातात कुठे? खरं सांगायचं तर हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

शुक्ल दशमीला मामा मला पहाटे आगरात घेऊन गेला. दहाची पाऊणपट साडेसात. शापोरा तुडुंब भरली होती. बांधाआडून पाहिलं तर वीतभर पाण्याच्या वाफ्यांत आणि मधल्या बांधांवर चिखल्यांची रांगच्या रांग, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत. शेकाट्ये तेवढे पाण्यात चरत होते. थोडे टिलवे. कडेला तपकिरी डोक्याचे कुरव. यांची घरटी लडाख-तिबेटच्या सरोवरांवर. मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' मी लायब्ररीतून आणला होता, पण तो उघडायचंही सुचलं नाही. नऊनंतर पाणी उतरायला लागलं आणि कुणी सांगितल्यासारखे सगळे एकदम उठून मोरजीच्या मुखाकडे गेले.

तर आगर ही त्यांची निजायची जागा. अट एकच: चारी बाजूंनी मोकळं दिसलं पाहिजे, घार-ससाणा लांबूनच कळला पाहिजे. म्हणून दाट खारफुटीत ते बसत नाहीत. आणि ही जागा निसर्गाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे. पावसाळा सरला की बांध चिखलाने लिंपायचे, मानशीतून भरतीचं पाणी हवं तेवढंच आत घ्यायचं, मग उन्हाळाभर मीठ. एक-दोन वर्षं हात लावला नाही तर बांध फुटतो, भरती-ओहोटी आत खेळू लागते, खारफुटी रुजते. खारफुटी चांगलीच, मासळीची पोरं तिच्यात वाढतात. पण चिखल्यांची नीज तिथे संपते.

मामाच्या दोन्ही बाजूंची आगरं अशीच गेली आहेत. कामाला माणसं मिळत नाहीत, मिठाला भाव नाही, मामाला गुडघेदुखी. अभयारण्याला कुंपण घालता येतं, पण आगर राखायला कुणीतरी चिखलात उतरावंच लागतं. पक्ष्यांसाठी कुणी बांध घालत नाही, मामाही घालत नाही. तो मिठासाठी घालतो.

तुम्ही कुणी जाणार असाल तर तिथी बघून जा. ओहोटीला मोरजीच्या मुखापाशी, भरतीला आगराजवळ. बांधावर चढू नका, आधी मालकाला विचारा. झोपलेला थवा उडवलात तर एप्रिलमधल्या परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी तो फुकट जाळतो.

परत येताना मी मामाला विचारलं, पुढच्या वर्षी आगर करणार ना? तो म्हणाला, गुडघ्याक विचार. मग थोडं चालून थांबला आणि म्हणाला, उत्तरेकडचा बांध घालायचा आहे, जानेवारीत तुला सुट्टी कधी?