रात्रीत अळी मारणारा कडुनिंब

कडुनिंबाचं औषध मारलं आणि सकाळी अळ्या मरून पडल्या, असं कुणी कौतुकानं सांगू लागलं की मी आधी बाटली दाखवा म्हणतो. कडुनिंब असं काम करत नाही.

आमच्या फुलंब्री-सिल्लोड पट्ट्यात मका हे पैशाचंही पीक आणि जनावरांचा चाराही. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी देशात आली, त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. तेव्हापासून मका गुडघ्याला लागायच्या आत पोंगे उकलून बघणं हे रोजचं काम झालं आहे. मागे एका खरिपात चुलतभावानं दुकानातून 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' असं छापलेली बाटली आणली. "निंबाचंच आहे दादा, तोंडाला काही बांधायची गरज नाही," असं दुकानदारानं वर सांगितलेलं. त्यानं तसेच उघड्या हातांनी पंप मारले. संध्याकाळी डोकं गरगरायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "काय फवारलं?" आम्ही बाटली पुढे केली. तिच्यावर पानाचं मोठं चित्र होतं, घटकाचं नाव कुठेच नव्हतं. विष कोणतं तेच माहीत नाही, तर नेमका उतारा द्यायचा कशाचा? लक्षणं बघून उपचार झाले आणि तो बरा झाला, हे नशीब. शेतात अळ्यांबरोबर ढालकिडे आणि मधमाश्याही मरून पडल्या होत्या. आणि त्याच मक्याचा हिरवा चारा आम्ही म्हशींना कापणार होतो!

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तिथं निदान रासायनिक औषध मारतोय हे माहीत होतं. निंबाच्या नावाखाली दुसरंच काही मिळालं तर माणूस फडकंही बांधत नाही.

म्हणून बाटली घेताना तिच्यावर अझाडिरॅक्टिनचं, म्हणजे निंबातल्या मुख्य घटकाचं, प्रमाण (300, 1500 किंवा 10000 पीपीएम), कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली आहे का ते बघा. पक्कं बिल मागा. दुकानदार बिलाला का-कू करू लागला तर बाटली तिथंच ठेवा. संशय आला तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

आता खऱ्या निंबाबद्दल. अझाडिरॅक्टिननं अळीचं खाणं मंदावतं आणि तिला नीट कात टाकता येत नाही. त्यामुळे ती मरते, पण काही दिवसांनी, आणि तेही लहान असेल तरच. मक्याच्या पानावर केसाळ आवरणाखाली अंड्यांचा पुंजका दिसला, किंवा कोवळ्या अळ्यांनी पान खरवडून पांढरे, पापुद्र्यासारखे चट्टे पाडले, की तीच वेळ. अळी बोटभर होऊन पोंग्यात शिरली आणि वर तिच्या विष्ठेचा भुसा साचला, की अर्क तिच्यापर्यंत पोचतच नाही. मग निंबाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पैठण रोडवरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन पुढचा उपाय विचारा.

आम्ही अर्क घरीच करतो. वाळलेली निंबोळी 5 किलो कुटून 9 लीटर पाण्यात रात्रभर भिजत घालायची. वेगळ्या 1 लीटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा भिजवायचा. सकाळी निंबोळी ढवळून दुधासारखं पाणी निघालं की फडक्यातून गाळायचं, साबणाचं पाणी मिसळायचं आणि एकूण 100 लीटर करायचं. गाळण्यात आळस केला की पंपाचं नोझल तुंबतं आणि अर्धी संध्याकाळ तारेनं ते टोकरण्यात जाते. अर्क त्याच दिवशी संपवा, तोही उन्हं कलल्यावर, कारण उन्हात अझाडिरॅक्टिन टिकत नाही. निंबोळी आषाढात झाडाखालून वेचा, गर धुऊन सावलीत वाळवा आणि गोणपाटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते, आणि बुरशीच्या निंबोळीत दम राहत नाही.

टोमॅटोत झेंडूच्या ओळी, कपाशीच्या कडेला एरंडी, हे सोपे उपाय. दशपर्णी अर्काला मात्र जपावं लागतं. त्यात कण्हेर, रुई, धोतरा पडतो, आणि ही झाडं विषारीच आहेत. झाडपाल्याचं आहे म्हणून स्वयंपाकाच्या पातेल्यात ते उकळू नका, पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

आपल्याकडे दौलताबादच्या सीताफळांमुळे बिया ढिगानं मिळतात आणि त्या वाटून फवारायचा सल्ला कुणीही देतो. ती पूड किंवा रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. बिया कुटताना चष्मा लावा. तरीही डोळ्यात गेलंच तर चोळू नका, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.