दिपोटी होऊ नकोस, मनू

बनशंकरी दुसरा टप्पा, बंगळूर



हे फोनवर बोलले असते, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि मी तुझं. म्हणून पत्र.

शुक्रवारी राहुकाळात देवळात गेले होते. लिंबाच्या अर्ध्या फोडी पिळून, साल उलटी करून तिच्यात तुपाची वात लावायची. त्या रेटारेटीत शेजारच्या बाईंनी माझी फोड धरली आणि बोलणं सुरू झालं. त्यांचा मुलगा तुमच्याच कॉलेजात शिकवतो म्हणे. तू माझी भाची आहेस हे त्यांना ठाऊक नव्हतं, मीही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, अध्यापन सुधारायला म्हणून एक नवी मॅडम नेमली आहे. न सांगता वर्गात येऊन मागे बसते, फॉर्म भरते, आणि महिनाअखेरीस सगळ्यांचे गुण विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतात. मुलगा रात्र रात्र जागा असतो. ती मॅडम म्हणजे तू. मनू, हे खरं आहे का?

खरं नसेल तर पुढचं वाचू नकोस. वाचशीलच, म्हणा.

अण्णांच्या शाळेत तपासणीला दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, यायचे, तेव्हा जो धडा मुलांना तोंडपाठ असे तोच अण्णा त्यांच्यासमोर नव्याने शिकवत. मुलंही पहिल्यांदाच ऐकतोय असे चेहरे करून बसत. दिपोटी खूश, अण्णा खूश. तू ही गोष्ट माझ्याकडून पुन्हा पुन्हा मागून घ्यायचीस आणि पोट धरून हसायचीस. आता तुझ्यापुढे तोच खेळ चालणार आहे, आणि हसणारी तू नसशील. ज्याच्या हाती आपली बढती आहे त्याला कोणी आपला फसलेला तास दाखवत नाही. मदत करणारं माणूस एक आणि गुण देणारं दुसरं, एवढं तरी वेगळं ठेव. दोन्ही कामं एकीच्या गळ्यात मारली असतील तर प्राचार्यांशी भांड. आईची मुलगी आहेस, भांडता येतं तुला.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला कागद लागतात, कबूल. 1994 पासून हे चाललं आहे, आणि त्यांचं मुख्य कार्यालयच बंगळुरात असल्याने इथल्या कॉलेजांना त्यांची धास्ती जरा जास्तच, असा माझा आपला समज. लागतील ते कागद दे. पण मुलांनी मास्तरांना दिलेले गुण म्हणजे शिकवण्याचं माप, असं धरून चालू नकोस. 2017 मध्ये उट्ल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधीच्या ढीगभर अभ्यासांची बेरीज-वजाबाकी केली, तेव्हा अशा गुणांचा आणि मुलांच्या प्रत्यक्ष शिकण्याचा संबंध जवळपास काही निघालाच नाही. मग असले आकडे ग्रुपवर टाकून कोणाचं भलं होतं?

आम्ही शिकवत होतो तेव्हा तर मागे बसणारंही कोणी नव्हतं. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. आता त्यांनाच मालवीय मिशनची केंद्रं म्हणतात. मीही चार आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्स करून आले. व्याख्यानं कमी द्या, यावर दिवसभर व्याख्यानं ऐकली. जेवण चांगलं होतं. प्रमाणपत्र बढतीच्या फायलीत गेलं आणि मी परत येऊन होते तशीच शिकवत राहिले. निवृत्तीच्या तोंडावर एकदा सहज वर्गाला विचारलं: बीएमटीसीची बस आणि स्कूटर यांची टक्कर झाली, तर कोणाचं कोणावर बल जास्त? न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरची गणितं धडाधड सोडवणारी पोरं, आणि बहुतेक हात बसच्या बाजूने वर! हार्वर्डच्या एरिक माझूरलाही 1990 च्या सुमारास असाच धक्का बसला होता. तो लगेच कामाला लागला आणि 1997 मध्ये त्याने त्यावर पुस्तकही काढलं. माझ्या हाती उरल्या होत्या शेवटच्या एक-दोन तुकड्या. आधीच कोणीतरी मागे बसून मला हळूच म्हणायला हवं होतं, ‘बाई, पोरं गणित करतायत, पण त्यांना समजलेलं नाही.’ तसं माणूस मला मिळालं नाही. तू ते होऊ शकतेस. म्हणूनच तू दिपोटी झालीस हे ऐकून माझा एवढा संताप झाला.

त्या बाईंचा मुलगा कोण, हे शोधत बसू नकोस. जो आपणहून येईल त्याच्यापासून सुरू कर. तासाच्या आधी चहा पी त्याच्याबरोबर, वर्ग नेमका कुठे हातातून सुटतो ते विचार. मग मागे बस आणि फक्त घडलं ते लिही: नऊ-वीसला तिसऱ्या रांगेत मोबाइल निघाले, प्रश्न विचारून सर उत्तराला थांबलेच नाहीत. ‘प्रभावी’, ‘असमाधानकारक’ असलं काही नको. कागद त्याच दिवशी त्याच्या हातात दे, प्रत ठेवू नकोस. सत्राच्या मध्यावर त्याला अर्धा तास बाहेर पाठव आणि मुलांना विचार, काय उपयोगी पडतंय, काय आड येतंय. जे कळेल ते फक्त त्यालाच सांग. प्रश्न आधी एकट्याने, मग शेजाऱ्याशी, मग सगळ्या वर्गात, हा प्रकार मुंबईच्या आयआयटीत प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात चालवून पाहिला होता. त्यावर 2013 चा एक निबंध आहे, सापडेल तुला.

फार बोलले. तुझ्या डोक्यावर कोण बसलंय ते मला दिसत नाही असं नाही. वरून आकडे मागत असतील, आणि पन्नाशीतल्या सरांच्या वर्गात मागे बसायचं तर तुझीही छाती धडधडत असेल. फॉर्म हातात असला की जरा आधार वाटतो, हेही कळतं मला. तो मुलगा झोपत नाही म्हणतात. तू झोपतेस का? दिवाळीत आलीस तेव्हा डोळ्यांखाली काळं दिसलं होतं. तेव्हा मी विचारलं नाही.

रविवारी ये. मेट्रोने थेट बनशंकरीला उतर. गाडी आणू नकोस, पार्किंगवरून खालच्यांशी पुन्हा जुंपायला नको. अवरेकाळू सोलून ठेवते, हुळी करू. लॅपटॉप घरीच राहू दे. जेवून इथेच दुपारभर झोप, मी कोणाला दार वाजवू देणार नाही.

तुझी,
मावशी

ता. क. तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही.